फटफटीची एकच सीट

घरात नवीन वस्तू आली की तिचं कौतुक दोन दिवस टिकतं. जुनी वस्तू मोडायला काढली की वर्षभर सांगायला पुरते. आम्ही विश्रांतवाडीच्या घरी सासऱ्यांची फटफटी मोडायला काढली, तेव्हापासून मी माहेरी गेले तरी बहिणी माझी चौकशी नंतर करतात. आधी विचारतात, "गाडीचं काय नवीन?"

ही फटफटी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तीस वर्षं ते तिच्यावर कारखान्यात गेले. रविवारी मागच्या सीटवर सासूबाई. त्या गेल्या आणि गाडी जिन्याखाली ताडपत्रीत गेली. तरी घरी कुणी आलं की अण्णा ताडपत्रीचं टोक उचलून दाखवायचे आणि सांगायचे, "आमच्या वेळेला ही ऐंशीनं पळायची."

एका सुट्टीला आमच्या ह्यांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं की ह्या गाडीची कॅफे रेसर करायची, तीही घरीच. अण्णांनी विचारलं, म्हणजे काय? हे रंगात येऊन सांगायला लागले. विलायतेत म्हणे पूर्वी पोरं एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावायची. हँडल खाली, माणूस टाकीवर ओणवा, गाडीवरचं जास्तीचं सगळं काढून टाकलेलं.

अण्णांनी तोंडासमोरचा पेपर हलवलाही नाही.

"चहा घरात मिळतो," ते म्हणाले.

पण गाडीची किल्ली दिली.

*

मी मोबाइलवरचं चित्र नीट पाहिलं. सीट एका माणसाची, आणि तिच्यामागे नुसता फुगवटा.

"आम्ही मायलेकींनी कुठे बसायचं?"

"कॅफे रेसरला एकच सीट असते," हे म्हणाले. "तुम्हा दोघींना रिक्षा आहे की."

आता खरं सांगते. मी घाबरट आहे आणि ते मी लपवत नाही. ह्यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी गॅलरीत. पण ह्यांच्या रोजच्या गाडीवर मागे बसले की मी निर्धास्त असते, कारण काटा चाळीसच्या पुढे गेला की मी ह्यांच्या खांद्यावर एक बोट टेकवते. बोलायचं काही नाही, नुसतं बोट. गाडी लगेच चाळीसवर येते. लग्न झाल्यापासून एकदाही बोट वाया गेलेलं नाही.

ह्या गाडीची मागची सीट गेली म्हणजे बोट गेलं. मग हा माणूस टाकीवर ओणवा होऊन आळंदी रोडला काय करेल, आणि घरी तीन वर्षांची मनू. मी त्याच दिवशी ठरवलं, मागची जागा सोडायची नाही. कशी, ते मात्र ठाऊक नव्हतं.

*

गाडी उघडली तशी नटबोल्ट ठेवायला जागा पुरेना. ह्यांनी माझा मसाल्याचा जुना डबा घेतला. सात वाट्या, सात मापांचे बोल्ट. मनू दिसेल ते तोंडात घालते, म्हणून मी रोज दोनदा बोल्ट मोजायचे. हे हसायचे. हसू देत.

एका दुपारी एक बोल्ट कमी भरला. मनूला विचारलं, खाल्लास का? तिनं मान डोलावली. तिला काहीही विचारलं तरी ती मान डोलावते, पण अशा वेळी ते कुणाला आठवतं? तिला उचललं, रिक्षा केली, दवाखाना गाठला, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही थोडं पाणी प्या."

संध्याकाळी जेवायला बसलो. अण्णा दोन घास जेवले, थांबले, आणि कढीपत्ता काढावा तसं तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "हा बहुतेक पुढच्या चाकाचा."

माझा जुना डबा आणि नवा डबा दिसायला अगदी सारखे आहेत. ह्यांनी तो बोल्ट मोहरीच्या वाटीत ठेवला होता.

*

आमच्या खाली केळकरकाका राहतात. मूळचे शनिवार पेठेतले, रिटायर्ड शिक्षक. इंजिन बांधून झालं तेव्हा ह्यांनी सायलेन्सर न लावताच किक मारली. नवव्या किकला गाडी सुरू झाली आणि मनूनं माझ्या मानेला जी मिठी मारली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

आम्ही गाडी बंद करून घरात आलो आणि पाच मिनिटांत काका वर आले. शांतपणे चप्पल काढली.

"अभिनंदन. गाडी सुरू झाली वाटतं."

हे खूश. "तुम्हाला कसं कळलं, काका?"

"काही नाही, फडताळातली भांडी आपणहून खाली उतरली."

*

मागचा फुगवटा करायचं काम विकीभाऊजींकडे. भाऊजी ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, लोणी काळभोरला खिडक्यांचे ग्रिल आणि गेट बनवतात. त्यांनी पत्र्याचा फुगवटा ठोकून आणला. गाडीवर ठेवला तर कुणीतरी घमेलं पालथं घातल्यासारखं दिसायला लागलं.

"दिसायला ऱ्हाऊ दे," भाऊजी म्हणाले, "पण मजबूत हाय."

हे कपाळाला हात लावून बसले. मग अण्णा म्हणाले, सूनबाई अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवते, तिच्याकडून फोम आणि रेक्झिनचा करून घ्या. मी लगेच टेप आणला. सातवीत भूमिती अर्धवट राहिली, पण पाठ कुठे वळते आणि कुठे किती कापड लागतं ते मला सांगावं लागत नाही. हे मला फुगवट्याची उंची सांगत होते. मी लांबी मोजत होते.

जाताना भाऊजींना जिन्यात गाठलं आणि दोनच वाक्यं बोलले. ते गालात हसले.

"वैनी, म्या कायबी ऐकलं नाय."

*

पहिल्या फेरीच्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली. गाडी काळी कुळकुळीत, सीट तपकिरी, मागे माझा फुगवटा. खरंच देखणी दिसत होती. अण्णांनी नारळ फोडला. ह्यांनी हेल्मेट घातलं, एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि म्हणाले, "एक राउंड मारून येतो."

मी मनूला अण्णांकडे दिलं. पदर खोचला. फुगवट्याच्या खालच्या शिवणीत हात घालून चेन उघडली, फुगवटा उचलून केळकरकाकांच्या हातात दिला. खाली फोमची सपाट सीट होती, रेक्झिन तेच, शिलाई तीच. मग मी माझं हेल्मेट घातलं आणि बसले. पायांनी दोन्ही बाजूंची पायदानं चाचपली. होती.

ह्यांनी मागे वळून पाहिलं, मग विकीभाऊजींकडे पाहिलं.

"मागची पायदानं कापायला सांगितली होती ना तुला?"

"ऱ्हाऊन गेली की," भाऊजी आभाळाकडे बघत म्हणाले.

"आणि हे तू कधी केलंस?" हे मला म्हणाले.

"ब्लाउजला आत मार्जिन ठेवते ना, तसंच. चला आता, लोक बघतायत."

आळंदी रोडला लागलो. रस्ता मोकळा होता. ह्यांचे खांदे खाली गेले, गाडीचा आवाज बदलला, माझा खोचलेला पदरही फडफडायला लागला. मी बोट टेकवलं.

परत आलो तेव्हा सगळे तिथेच उभे होते. केळकरकाका फुगवटा पोटाशी धरून. भाऊजींनी विचारलं, "किती पळाली रं?"

ह्यांनी हेल्मेट काढलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"चाळीस."

कुणीतरी हसलं. अण्णांनी मनूला खाली ठेवलं, गाडीजवळ आले आणि मागच्या सीटवरून एकदा हात फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या वेळेलाही चाळीसच पळायची."