वणीतल्या गॅरेजात व्हॉल्व्हचं टायमिंग

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, जुने फिल्टर आणि किस्से. फिल्टर भंगारवाला नेतो. किस्से मलाच सांभाळावे लागतात. जर्मनीत इंजिनांचं शिक्षण घेऊन मी वणीला परतलो, तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. कोळशाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या मनोहरभाऊंना मी म्हणालो, "नव्या कार नागपूरला का जाव्यात? आपण शिकू!" त्या गेल्या तर पुढेमागे गॅरेजला कुलूप, हे भाऊंनाही कळत होतं. "शिकव," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकासमोर नोको!"

*

पहिला धडा व्हॉल्व्हच्या उघडझापीचा. इंजिनाच्या वेगाप्रमाणे ती वेळ बदलली, तर पेट्रोल वाचतं, जोर वाढतो. एका प्रकारात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांचा दांडा, थोडा थोडा फिरवून वेळ मागेपुढे करतात. दुसऱ्यात इंजिन ठरावीक वेगाच्या वर गेलं, की दुसराच कॅम, म्हणजे दुसरा उंचवटा, कामाला लागतो. पाऊण तास मी आकृत्या काढल्या. भाऊ म्हणाले, "म्हंजे एक पंख्याचं रेग्युलेटर, अन् एक बटन. एवढ्यासाठी जर्मनीले गेलता?"

*

'बटन'वाली गाडी शाळेतल्या एका सरांची. दुसरा कॅम लागतो कसा, ते दाखवायला मी त्यांना घेऊन निघालो. पुढे कोळशाचा ट्रक, त्याच्यापुढे कापसाच्या बैलगाड्या. मारेगावपर्यंत गाडी रांगतच गेली! परतल्यावर सर म्हणाले, "म्हंजे चार वर्षं मी एकच कॅम वापरून राह्यलो? दुसरा तं नवाकोरा असंल!"

*

'रेग्युलेटर' बरं की 'बटन', यावर चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. मी उत्साहानं सांगितलं, काही इंजिनांत आता दोन्ही असतं. चहावाला वैतागला, "मंग भांडाचं कायच्यावर?"

*

'रेग्युलेटर'वाली गाडी डॉक्टर बाईंची. आमच्याकडे सर्व्हिसिंग झालं आणि आठवड्यातच इंजिनाचा दिवा लागला, जोर गेला. मी टायमिंगचा सोलेनॉइड, म्हणजे कॅमकडे ऑइल सोडणारी विजेची झडप, काढून धुतला. दिवा तसाच! बाई म्हणाल्या, "उद्या नागपूरला नेते. यापुढे तिकडेच बरं." त्या गेल्या, की गावातल्या साऱ्या नव्या गाड्या त्यांच्यामागे जाणार.

मी ऑइल तपासायची डिपस्टिक ओढली. काकवीसारखं ऑइल! कॅम फिरतो तो ऑइलच्या दाबावर. इतकं जाड ऑइल त्या बारीक वाटांतून वेळेवर पोचणार कसं?

"भाऊ, हे कोणतं टाकलं?"

"ट्रकचं. बाईच्या गाडीले कायले पातळ टाकू? मान राह्यते न!"

पातळ ऑइल भरलं. दिवा गेला, गाडी सुसाट! बाईंनी विचारलं, "काय बिघडलं होतं?" गिऱ्हाइकाला खरं ते सांगायचं, हा माझा हट्ट. पण मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाले, "माही चूक, बाई. चांगलं म्हणून जाड टाकलं."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी दिलेली बीपीची गोळी? तीही चांगली म्हणून दोन-दोन घेता का?"

भाऊ बोनेट पुसू लागले.

"गाडी इथंच येईल," बाई म्हणाल्या. "पण उद्या दहाला तुम्ही माझ्याकडे यायचं."

गाडी वळणाआड गेल्यावर भाऊ माझ्याजवळ सरकले. "इंजिनेर, आतापासून नुसतं पाणी पेत राह्यलो, तं उद्या दहापर्यंत रगत पातळ होईन काय गा?"