स्लॅबवरचा पाण्याचा लोटा

या, जरा जवळ सरका. रागावू नका, पण आधी थोडं बोलून घेते. तुम्ही या ग्रुपवर दिवसभर त्या यानाच्या मालिकेच्या गोष्टी करता, कोणतं पर्व चांगलं, कोणता कप्तान भारी. तुमच्यातले किती तरी जण नागपूर-तुळजापूर रस्त्याने आर्णीवरून जाता, चहाच्या टपरीचा सुद्धा फोटो टाकता, पण या म्हातारीच्या घराला कोणाचे पाय लागत नाहीत. आर्णीपासून सहा किलोमीटर म्हणजे काय लांब आहे का? बरं, जाऊ द्या. शेवटचं पर्व संपलं म्हणून सगळे आठवणी लिहून राहिलेत, तर एक माझीही घ्या. मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. चुका सांभाळून घ्या.

आणि हे आधीच सांगते, की असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची सगळं बंद. कोणी म्हणालं नाल्याजवळच्या बाभळीखाली काही दिसलं, तर सासरे त्याला तिथंच घेऊन जायचे, बुडाशी बसायचे, विडी पेटवायचे अन् म्हणायचे, "दाखव." मी त्या घरची सून. यान आभाळात जातं ते मशीनवर जातं, मंत्रावर नाही, हे मला पहिल्याच भागात पटलं होतं. म्हणून तर ती मालिका आवडली.

तुम्ही तिला तिच्या नावाने ओळखता. आमच्या वस्तीत ती "यानवाली". रविवारी सकाळी दहा वाजता लागायची, हिंदीत. वस्तीत टीव्ही एकच, आमचा, काळा-पांढरा. आमच्या घरचे आर्णीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बदली झालेल्या एका बाबूकडून त्यांनी तो जुना टीव्ही आणला, स्लॅबच्या कठड्याला लोखंडी पाईप ठोकला, अन् त्यावर अँटेना बसवला. घर कसलं, एक खोली अन् एक पडवी, पण वर स्लॅब होता याचा त्यांना लई अभिमान.

आता तुमच्यातल्या लहानांना अँटेना काय माहीत. तो फिरवावा लागतो. एक माणूस वर, बाकी सगळे खाली. वरचा विचारतो, "आली का?" खालचे ओरडतात, "आली... आली... गेली. जरा जिनिंगकडे फिरवा. नाही, तांड्याकडे. थांबा, थांबा, अस्संच राहू द्या." वरचा माणूस म्हणजे हे. चित्र लागलं की खाली यायचे, पण येऊन बसले की वारा यायचा अन् मुंग्या सुरू. मग परत वर. तीन वर्षं यानवाली चालली, पहिलं पर्व म्हणते मी, अन् माझ्या नवऱ्याने त्यातलं अर्धं सुद्धा डोळ्यांनी पाहिलं नाही. त्यांनी ती स्लॅबवरून ऐकली.

मग दुपारी जेवताना मी सगळी गोष्ट त्यांना सांगायची. कप्तान कसा उभा राहिला, यान कसं तिरपं झालं. त्यांचा जीव यानाच्या मिस्तरीवर. इंजिनखोलीत असतो तो, कप्तानाला सुद्धा तोंडावर बोलतो. हे विचारायचे, "माह्या मिस्तरीनं काय केलं आज?" मिस्तरी पडद्यावर यायचा तेव्हा हे नेमके वर, म्हणून त्यांच्या मनात तो काळासावळा, काटकुळा, डोक्याला दुपट्टा बांधलेला. म्हणजे स्वतःसारखाच. पुढे कधीतरी पेपरात रंगीत फोटो आला तेव्हा मी दाखवला. मिस्तरी गोरापान, ढेरीवाला, लाल दाढीचा. हे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हा नाही. फोटोवाल्यानं चुकीचा माणूस छापला." इतकी वर्षं कबूल केलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी या वर्षापर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग होता. मे महिना. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तीसेक माणसं, शेजारच्या जमनाबाई सुद्धा त्यांच्या सासूला पाठुंगळी घेऊन आलेल्या. अन् चित्र लागेना. शेवटी ह्यांनी पाईप हातात धरला तेव्हा एकदम लख्ख. सोडला की गेलं. धरला की आलं. मी खिडकीतून ओरडले, "तुमी धरूनच ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो."

तुम्हाला तो भाग पाठ असेल. यान घरी न्यायचंय अन् इंजिनाची तार तुटली आहे. मिस्तरी दोन टोकं हातात धरून उभा राहतो. सोडली तर यान गेलं. आमची अख्खी खोली रडत होती. त्यात वरून आवाज आला, "पाणी द्या वं कोनी." मी म्हटलं, "जाहिरात लागू द्या, देतो." जाहिरात लागली, तेव्हा जमनाबाईंची सासू विचारत होती की पोरगा मरतो का, अन् मी तिला समजावत बसले. पुन्हा आवाज आला, बारीक. मी म्हटलं, "आलोच." अन् भाग सुरू झाला. शेवटी कप्तान स्वतः इंजिनखोलीत येतो, मिस्तरीच्या हातावर आपला हात ठेवतो अन् म्हणतो, आता तू बस, मी धरतो. खोलीत टाळ्या वाजल्या.

भाग संपल्यावर मी लोटा घेऊन वर गेले तेव्हा हे कठड्याला टेकून बसले होते. ओठ पांढरे पडलेले. उजव्या तळव्यावर तापलेल्या पाईपचा फोड. मला पाहून एकच विचारलं, "साफ होती ना?"

मी त्यांच्या हातावर पाणी ओतत गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, हसत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. तो डाग तळव्यावर राहिला. जेवायला वाढताना दिसायचा मला. खोटा मिस्तरी तारा धरून होता म्हणून आम्ही रडत होतो, अन् खरा आमच्या डोक्यावर, स्लॅबवर उन्हात उभा होता, त्याला मी गिलासभर पाणी दिलं नाही.

पुढचं तर तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या पर्वात बाई कप्तान झाली, अन् आमच्या वस्तीत एक नवीनच गंमत झाली... त्या रविवारपासून बायका पुढे खुर्च्यांवर अन् बाप्ये मागे सतरंजीवर. कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. मग केबल आली, डिश आली. अँटेना भंगारात गेला. पाईप राहिला, त्याला मी कपडे वाळवायची तार बांधली.

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली अन् वाचा गेली. यवतमाळला सोळा दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल किंवा नाही येणार, पण त्यांच्याशी बोलत राहा, जुनं जुनं बोला. बोलणं काय, मला तेच येतं. पण ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चार महिने. हळूहळू खाणं सुद्धा कमी. दोन घास झाले की ओठ मिटायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषध आपलं काम करेल, पण माणसालाच राहायचं नसेल तर मी काय करू. त्या दिवशी मी परत येताना एसटीत कोणाशी बोलले नाही. मी, अन् बोलले नाही... समजून घ्या.

माझी नात सोनल यवतमाळला नर्सिंग शिकते. मार्चमध्ये एका शनिवारी आली. म्हणे, "आजी, कोण्यातरी जुन्या माणसानं यानवालीचे हिंदी भाग घरी टेप केले होते, ते त्यानं नेटवर टाकले. पयल्या पर्वाचा शेवटचा भाग हाये. उद्या दहा वाजता लावू. आबानं पाह्यला कुठं हाये?"

रविवारी दहाला लावला. टीव्ही आता मोठा आहे, पण नेट सोनलच्या मोबाईलवरून. ह्यांचा पलंग समोर, तोंड भिंतीकडे. सुरुवातीची धून वाजली तरी हलले नाहीत. अन् बरोबर मिस्तरी तार उचलतो तिथे चित्र थांबलं. ते गोल चाक फिरायला लागलं. सोनल मोबाईल घेऊन खिडकीत गेली, दारात गेली, मग अंगणात. मी आतून पाहत होते. अन् अंगणातून तिने आवाज दिला,

"आजी, आली का?"

पलंगाचा आवाज झाला. ह्यांनी मान वळवली होती. चार महिन्यांनी. डोळे टीव्हीवर.

मी ओरडले, "नाही आली. जरा जिनिंगकडे जाय." आपोआप तोंडातून गेलं.

अन् ह्यांचा उजवा हात, जो उचलला जात नव्हता, तो चादरीवर थोडा वळला. मनगटातून. एवढासाच. चित्र लागलं, लख्ख.

मग ते थांबलंच नाही. पुढची वीस मिनिटं, शेवटपर्यंत. मिस्तरी उभा राहिला, कप्तान आला, हात ठेवला. हे पाहत होते. पाणी वाहत होतं डोळ्यांतून अन् मी पुसत नव्हते, कारण मध्ये पदर आला असता.

भाग संपल्यावर मागे पाहते तर सोनल दारात उभी, पांढरी पडलेली. मोबाईल पुढे केला. बंद. "आजी, हा कधीचा बंद पडला. मी जिनिंगकडे वळलो तेव्हाच बॅटरी गेली. टीव्ही कशावर चालून राह्यला होता?"

मी उत्तर देणार तोच पलंगावरून आवाज आला. घोगरा, तुटका.

"पानी."

मी लोटा घेऊन धावले. ओठाला लावला तर त्यांनी मान हलवली. डोळे वर, छताकडे. "त्याले," म्हणाले. "त्याले... पानी दे."

मला वाटलं भ्रम झाला. सोनल रडत होती, मी हसत होते, काय करावं कळत नव्हतं. तेवढ्यात कुंपणावरून जमनाबाई आल्या. आता म्हाताऱ्या झाल्या, पण तोंड तेच. त्या सकाळपासून त्यांच्या स्लॅबवर मिरच्या वाळू घालत होत्या. म्हणाल्या,

"काहून वं भाबी, काही दयामाया हाये का नाही? एवढ्या उन्हात त्या मानसाले वर उभं करून ठेवलं."

"कोनाले?"

"तो नाही का, दुपट्टा बांधलेला. तुह्या कपड्याच्या पाईपाले धरून उभा. अर्धा तास झाला, जागचा हालत नाही. म्या दोनदा आवाज देल्ला, बोलत नाही. नुसता खाली कान देऊन हासते. मिस्तरी बोलावला का काही?"

मी विचारलं, "कसा हाये?"

"काटकुळा. काळासावळा. असंन पस्तिशीचा..." अन् बोलता बोलता त्यांची नजर पलंगावर गेली. मग त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

मी वर गेले. गुडघे दुखतात, पण त्या दिवशी दुखले की नाही आठवत नाही. वर कोणी नव्हतं. स्लॅब तापलेला, पायाला चटके. पाईपाला हात लावला तर खाली गरम, वरही गरम. मध्ये माणूस धरतो तेवढी वीतभर जागा... गार. मी दोनदा लावून पाहिला. मग मी तिथे लोटा ठेवला अन् म्हटलं, "घ्या. लई उशीर झाला."

एवढंच आहे. जावई इंजिनिअर आहे, तो म्हणतो टीव्हीने पुढचं आधीच ओढून ठेवलं असेल. मी म्हटलं, वीस मिनिटांचं? तो म्हणाला, इतकं नाही ओढत. जमनाबाईंना म्हटलं, उन्हाने भोवळ आली असेल. त्या म्हणाल्या, भोवळ आली असती तर मिरच्यात पडलो असतो. हाताचं डॉक्टर सांगतात की असं होतं कधी कधी, जुनी सवय जागी होते. पाईपाचं मी डॉक्टरांना विचारलं नाही. सासरे असते तर पाईपापाशी बसून विडी पेटवली असती अन् म्हणाले असते, दाखव. मी दाखवू शकत नाही. मला आजही कळलेलं नाही, अन् कळलंच पाहिजे असा माझा हट्टही नाही.

हे आता बोलतात. हळू, दोन-तीन शब्द एका वेळी, पण बोलतात. भाकर दुधात कुस्करून अख्खी खातात. परवा सोनलला म्हणाले, "मिस्तरी... जाडा हाये." म्हणजे शेवटी मान्य केलं. आम्ही किती हसलो.

ज्यांनी ती मालिका बनवली, ज्यांनी तिला हिंदी बोलायला लावलं, अन् ज्या अनोळखी माणसाने घरी टेप करून इतकी वर्षं सांभाळली, त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. त्यांना कोणी ओळखत असाल तर सांगा, आर्णीकडच्या एका घरात एक माणूस भिंतीकडून वळला.

रविवारी दहा वाजता मी लोटा वर नेऊन ठेवते. संध्याकाळी कधी रिकामा असतो, कधी भरलेला. पाखरं पितात, ऊन पितं, मी चौकशी करत नाही. फक्त आता जिना चढवत नाही बाई. म्हणून म्हणते, लवकर या. रविवारचेच या, दहाच्या आधी. ह्यांना यानाची गोष्ट सांगा, त्यांना ऐकायला अजून तेच आवडतं. चहा मी देईन. पण आधी लोटा तेवढा वर नेऊन ठेवा.