पिंजरा रिकामा करा

अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या गोदामात चिमाबाईकडे एक हत्ती होता. पिवळा, पुढं दोन लोखंडी सुळे. सगळे त्याला फोर्कलिफ्ट म्हणायचे. पण चिमाबाई सांगोल्याकडच्या मेंढरांमागनं आलेली, तिला जनावराशिवाय दुसरं नाव सुचलंच नाही. आधी ती टॉवेलांच्या घड्या घालायची, मग गठाणी ढकलायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे भाकरी सोडून बसले, की ही गोदामातल्या जुन्या ड्रायव्हरच्या, हारूनभाईच्या मागं लागून गाडी शिकायची. लोडर फिदीफिदी हसले. तिनं परवाना काढून आणला आणि हसणाऱ्यांच्याच गठाणी उचलायला लागली.

त्या दुपारी ट्रक दाराशी लागला आणि वरच्या फळीवरची गठाण तिरकी होऊन खांबात अडकली. सुळ्यांनी ओढावी तर शेजारचीही खाली येणार. कुणीतरी वर जाऊन हातानंच सरळ करायला हवी होती. गोदामात त्याची रीत ठरलेली: माणसानं सुळ्यांवर उभं राहायचं, चालवणाऱ्यानं वर उचलायचं. लोडर बिरुदेव चपला काढून, देवळाची पायरी चढावी तसा चढलासुद्धा.

"उतर," चिमाबाई म्हणाली.

"अगं चिमाक्का, कवापासनं चढतूय मी. उचल की!"

"चढत आसशील. मी न्हाय उचलायची. पिंजरा आण."

माणसाला वर न्यायचा जाळीचा पिंजरा कोपऱ्यात होता. त्यात गेल्या गणपतीची आरास कोंबलेली: थर्माकोलचे खांब, झिरमिळ्या, कागदी मोर. सुपरवायझर सयाजी तणतणत आले.

"आता ते उपसत बसू? ट्रक काय तुझ्या घरचा हाय?"

"मग तुमी चढा सुळ्यांवर, सायेब. उचलनार तर तुमालाबी न्हाय."

कुणीतरी खुसकन हसलं. सयाजींनी हात घालून किल्लीच काढून घेतली. "उद्यापासनं घड्या घाल जा!" आणि किल्ली हारूनभाईकडे फेकली.

हारूनभाईनं ती झेलली. त्यानंही आजवर माणसं तशीच उचलली होती. त्यानं दाढी खाजवली. "सायेब, वो सीट पे बैठी है. उसको उठाके मैं नई बैठता."

चिमाबाई खरंच उठली नव्हती. पदर खोचून, बंद गाडीवर पाय रोवून बसली होती. "मला उठवायचं तर गाडीसकट उचला म्हनावं. लई जड हाय."

ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. बिरुदेव अजून सुळ्यांवरच उभा. त्यानं मान वर करून ती गठाण बघितली, मग गुपचूप उतरला, चपला घातल्या आणि पिंजऱ्यातला मोर ओढायला लागला.

"तुला काय झालं रं?" सयाजी ओरडले.

"वर गेलं की पाय लटपटत्यात, सायेब. रोजच." तो मागं न बघता म्हणाला. "हे खांब धरा, मोडतील."

सयाजींनी थर्माकोलचे खांब धरले. दुसरं करणार काय?

पिंजरा रिकामा झाला, सुळ्यांवर बसला, साखळीनं आवळला. हारूनभाईनं किल्ली चिमाबाईच्या हातात दिली. बिरुदेव आत शिरला, कडी लागली, हत्तीनं त्याला सावकाश वर नेलं. गठाण सरळ झाली, ट्रक गेला.

"तरी उद्या घड्याच घालायच्या," सयाजी म्हणाले.

"उद्या हितंच बसनार हाय मी."

किल्ली रोज संध्याकाळी सयाजींच्या खोलीतल्या खिळ्याला जायची. त्या दिवशी चिमाबाईनं ती कनवटीला लावली आणि त्यांच्या देखत दाराबाहेर पडली.