वायपरला लावलेली नळी

काल नातीनं गाडीच्या वायपरचं रबर बदललं. त्या नव्या रबराच्या वासानं मी थेट मोखाड्याच्या रस्त्यावर जाऊन पोचले.

जव्हार संस्थान भारतात विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. मोखाड्याकडच्या पोशेरा गावची जानकी बाळंतपणात अडली होती, म्हणून तिला जीपमधून जव्हारला आणत होतो. पाऊस कोसळत होता. घाटात वायपरचं जुनं रबर तुटून पडलं आणि उघडी पट्टी काचेवर करकरू लागली. ड्रायव्हर भिकाजीनं गाडी थांबवली.

"बाई, पुढचं काहीच दिसत नाही. खाली दरी आहे."

मागून जानकीची सासू म्हणाली, "बाय, गाडी कशाला उभी केली? पोरीत जीव नाय राहिला."

माझ्या पिशवीत लघवी काढायची एकच रबरी नळी होती. ती जपून वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ती कात्रीनं उभी चिरली. भिकाजीनं ती पट्टीवर चढवली, मी टाक्यांच्या दोऱ्यानं बांधली. काच पुसली जाऊ लागली.

जव्हारला पोचल्यावर जानकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

तेव्हा मला डॉक्टरांच्या रागाचीच धास्ती होती. आता आठवते ती सासू. मला ती म्हातारी वाटली होती. खरं तर चाळिशीचीही नसेल. जीपच्या उघड्या बाजूला पाठ करून ती वाटभर भिजत बसली होती. जानकीचं लुगडं मात्र कोरडं होतं.