डोहाची झाडलोट

बुधरीच्या घरी पाहुणा येणार म्हटलं का शेजारणीची कोंबडीबी अंग झटकून उभी राहे, अशी ही बाई! एक काडी अंगणात दिसाची सोय नाई. नवरा इतवारी तं बिडीची राखबी हातातच झाडे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या नीलाबाई येणार होत्या, मासोळी पाहाले. बोटाएवढी मासोळी, दगडाले तोंड लावून चिकटलेली. बुधरी तिले दगडचाटी म्हणे. रस्त्याच्या ठेकेदारानं खालचा नाला खरडून दगड नेले, तशी तिथली मासोळी गेली. उरला मोहर्लीकडच्या जंगलातला, बुधरीच्या गावचा हा एकच डोह. मागच्या खेपेले नीलाबाई बोलल्या होत्या, "इथे मासोळी दिसली तर हे दगड उचलू देऊ नका, असं मी वर सरकारात सांगेन."

मंग काय! सकाळीच बुधरी डोहात. सडका पाला टोपलीनं उपसला, फांद्या ओढल्या, दगडावरचं शेवाळ धानाच्या तणसानं घासून भांड्यावानी चकचकीत केलं.

"रांगोळीबी काढ नं," इतवारी म्हणे.

"तुमी बिडी ओढा!"

नीलाबाई आल्या, लुगडं सावरून वाकल्या. तळाचा दगड न् दगड दिसे. मासोळी एक नाई.

"हे कोणी केलं, बुधरीबाई?"

"मीच!" बुधरीची छाती फुगली. "तुमी येणार म्हणून."

नीलाबाई मटकन खालीच बसल्या. "अहो, ती शेवाळच खाते. पाल्याखाली लपते, सांदीत अंडी घालते."

"म्हणजे घाणीत राह्यते?"

"घाण नाही, घर आहे तिचं."

अंगणात पाला पडला म्हणून सासूनं बुधरीले झोडपलं होतं, अन् ही मासोळी बया पाला काढला म्हणून निघून गेली! पाणी तं कसं काचेवानी. तिनं ओंजळभर पिऊन पाह्यलं. गोड होतं. मंग काऊन नाई आवडलं?

"मासोळी हाये म्हणून सांगून द्या नं, बाई."

"दिसली नाही, तर कशी सांगू? शेवाळ परत धरलं तर बघू. पावसाआधी मी येते."

"अन् ठेकेदार आधी आला तं?"

नीलाबाई पदर झटकून उठल्या.

त्या गेल्यावर बुधरीनं काठावरचा पाला पुन्हा टोपलीत भरला. पाला टाकता येते, पण दगडाले शेवाळ कसं लावाचं? इतवारीनं बिडी विझवली, फांदी ओढत पाण्यात उतरला.

"कुठी ठेवू?"

"मले काय मालूम? मी काय मासोळी हावो?"

कंबरभर पाण्यात दोघं उभे. बुधरी पाला कधी इथी ठेवे, कधी उचलून तिथी. दुसऱ्याच्या घरातलं सामान कसं मांडाचं, तिले समजूनच नाई राह्यलं.