कोमलला बघायला आलेली माणसं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. या तोंडानं मी पोलिसाला गप्प केलंय, ठेकेदाराला गप्प केलंय. त्याच तोंडानं नातीचं नशीब बुडवायला निघाले होते, तेही पाहुण्यांना पोहे खायला घालून!

नात माझी, कोमल. आईबाप चाकणच्या कंपनीत ठेक्यावर. मी काळेवाडीत घरी पोळ्या लाटून विकते. शाळा पाहिली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले. आणि या पोरीला शिकायचं होतं काय? शांतता शिक्षण आणि मानवी हक्क!

"शांतता काय शिकायची असते? गप्प बसलं की झाली!" मी ओरडले.

ती गप्प बसली.

पण तिनं एका संस्थेत शिष्यवृत्तीसाठी मुलाखत देऊन ठेवली होती. घरची गरज बघूनच मिळणार. मिळाली तर बाहेरगावी शिक्षण, नाही तर आईसारखी शिफ्ट. एवढं मला माहीत होतं.

तिला माहीत नव्हतं ते असं, की मी गुपचूप वधूवर मंडळात तिचं नाव घातलं होतं. मंडळवाल्यानं सांगितलेलं, "या आठवड्यात लोक येतील."

दुपारी दारात दोघं उभे. चष्मेवाल्या मॅडम आणि फाइल घेतलेले सर.

"आम्ही संस्थेकडून आलोय, कोमलच्या..."

"कळलं, कळलं! या, बसा!"

माणसाला वाक्य पुरं करू दिलं तर मी कसली?

"न कळवता आलो, राग मानू नका," मॅडम म्हणाल्या. "तसं आलं की घर आहे तसं दिसतं."

सासू चलाख आहे, मी मनात नोंदवलं.

"घरात कमावतं कोण? शेती वगैरे?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी मुलीकडचं कोणी कमी सांगतं का?

"चाकणला पाच एकर. कांदा असतो."

"आणि हे घर?"

"हे तात्पुरतं हो! चऱ्होलीत दोन फ्लॅट आहेत. भाड्यानं दिलेत."

सरांचं पेन थांबलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, भाळले!

"बाहेरची पांढरी गाडी?"

"आमचीच!"

खरं तर ती शेजारच्या कुसुमच्या मुलाची. तो ती माझ्या दारात लावतो, म्हणून कुसुमचं नि माझं बोलणं बंद. तेवढ्यात तो आला, गाडी चालू केली आणि गेला निघून.

"ड्रायव्हर," मी म्हटलं.

मॅडमचा चेहरा आता उतरला होता. "आजी, आम्हाला अजून पाच मुली बघायच्यात. त्यातून एकच घेणार."

राग आला. पोह्यांबरोबर गिळला.

"घेतली तर वर्षभर आमच्याकडं राहील. राहणं, खाणं, सगळा खर्च आमचा."

"वर्षभर? आणि मग?"

"मग परत घरी. चांगली वाटली, तर अजून एक वर्ष ठेवू."

अहो, हातातली बशी मी दाणकन खाली आपटली!

"परत? वापरून परत? पोर म्हणजे काय भाड्याचं पातेलं आहे? उठा! आणि तो पोरगा कुठाय तुमचा? बघू दे मला त्याचं तोंड!"

"कुठला पोरगा?" सर दाराकडं सरकत म्हणाले.

आणि दारात कोमल. हातात पिशवी, तोंडाचा रंग उडालेला.

"आजी! शिष्यवृत्तीच्या मॅडम आहेत त्या!"

पाच एकर, दोन फ्लॅट आणि ड्रायव्हर, सगळे एकदम माझ्या छातीवर येऊन बसले.

"मॅडम, खोटं बोलले मी. काहीच नाही आमच्याकडं. स्थळ समजले तुम्हाला."

"आजी," मॅडम फाइल बंद करत म्हणाल्या, "मघाशी खोटं बोललात. मग आता खरं बोलताय कशावरून?"

मी उठून धान्याचे रिकामे डबे उघडून दाखवले. त्या बघेनात. कोमल रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

एकच उपाय होता, आणि तो विषाहून कडू. भिंतीवर मूठ आपटून मी हाक मारली, "कुसुम! अगं, जरा इकडं ये!"

माझी हाक ऐकून बाई पदर खोचून, भांडायच्या तयारीनंच आली.

"यांना सांग, माझ्याकडं काय काय आहे ते."

"हिच्याकडं?" कुसुमचा चेहरा असा फुलला म्हणता! "अवो मॅडम, जमीन म्हणाल तर कुंडीतली तुळस हाय. ती बी माझ्याकडनं नेल्याली! पत्रा गळतोय, त्यावर ताडपत्री माझी. अन् तोरा बघा, सगळी पिंपरी हिच्या बापाची!"

"खरं आहे," मी मान खाली घालून म्हटलं.

"मोठ्यानं बोल, मला ऐकू येत न्हाई!"

"खरं आहे!!"

इतक्या आनंदानं खोटं कोणी बोलत नाही, हे मॅडमनाही पटलं असावं. फाइल पुन्हा उघडली. सरांनी पाच एकरांवर काट मारली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

निघताना मॅडम म्हणाल्या, "मी शिफारस करते. कोमल, तयारीला लाग."

मग मला न्याहाळत हसल्या. "मुलाखतीत आम्ही हिला विचारलं होतं, शांतता हाच विषय का? तर म्हणाली, 'मॅडम, घरी आजी आहे.' आम्हाला वाटलं, आजीचे संस्कार असतील."