पूजेला काढलेल्या पाचरी

वाकडं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. भिंतीवरचं कॅलेंडर, दुसऱ्याच्या टेबलावरची फाइल, एकदा तर बसमध्ये पुढे बसलेल्या अनोळखी माणसाची कॉलर. "वांकडं आहे म्मा, बघवत नाहीं," म्हणत ते सरळ करायचे आणि मगच बोलायला लागायचे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षाच असते.

चेन्नईत, गिंडीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात ते माझे साहेब होते. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेलं मराठी घराणं, आता अड्यारला. मी सांगलीहून नवीन आलेली. "तुझ्या मराठींत अर्धी हिंदी आहे," असं मला हिणवायचे आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्याला "म्मा" नाहीतर "सरी, सरी" (म्हणजे बरं, बरं) असं तमिळ शेपूट लावायचे.

आमचं काम म्हणजे गाडीच्या टर्बोला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या बसवणं. ऐकायला क्षुल्लक. पण इंजिन बंद केलं की पंप थांबतो, टर्बो मात्र तापलेलाच असतो. तेव्हा आतलं पाणी उकळून आपणहून वर टाकीकडे जायला हवं. वाटेत नळीला उंचवटा राहिला की वाफ तिथेच कोंडते. म्हणून साहेब आधी पारदर्शक नळी लावून त्यात हळदीचं पाणी सोडायचे आणि बुडबुडा कुठे अडतो ते बघत बसायचे. आमचा टेस्ट ड्रायव्हर त्यांचा जेवणातला जोडीदार. तो जाता-येता चिडवायचा, "काय साहेब, सांबार शिजलं का?"

त्या वर्षी एक इंजिन आधी आलं, गाडी नंतर येणार होती. गाडीत ते मागे किंचित कललेलं बसणार, म्हणून साहेबांनी स्टँडखाली लाकडी पाचरी ठोकून तसाच कल दिला होता. मध्ये आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी आली. सगळी यंत्रं धुतली, त्यांना चंदन-कुंकू लावलं. स्टँडला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी स्वतः पाचरी काढल्या, स्टँड पुसला, आणि पूजेला वाकडं कसं ठेवायचं म्हणून लेव्हल लावून सपाट केला. सुटीनंतर त्याच सपाट स्टँडवर शेवटची नळी बसली. बुडबुडा सुरेख वर गेला.

गाडीत इंजिन मागे कललं आणि तीच नळी मध्येच उंच झाली. चाचणीहून परतल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आतून गुरगुर ऐकू आली म्हणून त्याने बॉनेट उघडलं, आणि नळी सुटली. उकळतं पाणी थेट तोंडावर. मी तिथेच होते. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. दोन्ही डोळे गेले.

मालकांनी बैठकीत निकाल लावून टाकला. तापलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा चूक ड्रायव्हरची. सगळ्यांच्या माना हलल्या. साहेब उभे राहिले.

"पाचरी मी काढल्या. पूजेला. परत ठेवायच्या राहिल्या."

"बसा हो खाली," मालक म्हणाले. "नोकरी घालवायची आहे का?"

"त्याचे डोळे गेले, माझ्या नोकरीचं काय घेऊन बसलांत? त्याची चूक नाहीं, एवढं लिहा."

तसं लिहिलं गेलं, आणि नोकरीही गेली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि संतापही आला. या माणसाला एक दिवस वाकडं बघवलं असतं तर!

पुढे ते रोज वेलचेरीला ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याला तमिळ पेपर वाचून दाखवतात, असं त्यांच्या बायकोकडून कळलं. रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "बोलतो का तो तुमच्याशी?"

"नाहीं म्मा. ऐकतो." मग घाईघाईने, "सरी, जाऊन येतों."

एका सकाळी कॉफी घेता घेता साहेब वारले. ड्रायव्हरला सांगायला कुणी तयार होईना, म्हणून मी गेले. एका खोलीचं घर. तो भिंतीला टेकून बसला होता, समोर रिकामी खुर्ची. मी सांगितलं. तो तमिळमध्ये म्हणाला,

"ती खुर्ची बायको रोज त्यांच्यासाठी ठेवायची. पण त्यांचा आवाज यायचा तो दारातून, वरून. सगळा पेपर उभ्यानेच वाचायचे. मी एकदाही बसा म्हणालो नाही."